‘सी’चा सल्ला आणि ‘एस्’चा सल्ला

गेल्या पंधरवड्यांतील गोष्ट आहे. दिवेलागण होऊन गेली होती. माजघरांत आमचें कुटुंब व वहिनी वाटाणे सोलीत बसल्या होत्या. ओसरीवर धाकटे बंधु सकाळच्या वर्तमानपत्राचीं राहिलेलीं पानें संपवीत होते आणि प्रस्तुत लेखक नित्याप्रमाणें कांहीं न करतां स्वस्थ बसला होता. इतक्यांत आमची नात वही घेऊन आली व म्हणाली, “आजोबा, ‘अॅड्व्हाइस’मध्यें ‘सी’ घालायचा कीं ‘एस्’?”

सेवानिवृत्त मास्तराला असा प्रश्न विचारणें म्हणजे भजनी माणसापुढें टाळ ठेवण्यासारखेंच आहे. मीं ताबडतोब सांगितलें, “नाम असेल तर ‘सी’, क्रियापद असेल तर ‘एस्’. लक्षांत ठेवण्याची युक्ति अशी, कीं इंग्रजी वर्णमालेंत ‘सी’ आधीं आणि ‘एस्’ मागून. तसाच ‘नाउन’चा ‘एन्’ आधीं आणि ‘व्हर्ब’चा ‘व्ही’ मागून. आधींचें आधींला, मागचें मागच्याला.” मुलीनें लिहून घेतलें. पण ती जागची हलेना. थोड्या वेळानें म्हणाली, “पण कां?”

हा ‘कां’ शिकवण्याच्या साऱ्या वर्षांत मला वर्गांत फारसा कोणीं विचारला नाहीं. अधिक खरें सांगायचें तर मीं तो विचारूं दिला नाहीं. परीक्षेला उपयोगी तेवढें सांगावें, फळा पुसावा आणि पुढच्या धड्याकडे वळावें, अशी आमची रीत होती. एका मुलानें मात्र एकदां हें कुंपण ओलांडलें होतें. त्याची हकीकत पुढें येईल. त्या रात्रीं नातीला “उद्यां सांगतों” म्हणून मीं वेळ मारून नेली, आणि कपाटांतील जुने कोश खालीं काढले. बोलणें, सांगणें, कळवणें यांसंबंधींच्या इंग्रजी शब्दांचीं नामें आणि क्रियापदें हा विषय त्यानंतर चार दिवस माझ्या मानगुटीस बसला आहे. तो आज वाचकांच्या पदरांत टाकतों.

प्रथम डोळे मिटून नुसतें कानानें ऐकावें. नामाचा शेवट ‘स’ असा होतो, आणि क्रियापदाचा शेवट ‘जवळ’ या शब्दांतल्या ‘ज’च्या जवळपास जातो. म्हणजे लेखनांतला भेद उच्चारांतल्या भेदाच्या पाठोपाठ आलेला आहे. कोणा पंतोजीनें मुलांना छळण्यासाठीं तो काढलेला नव्हे. ‘प्रूफ’ हें नाम, ‘प्रूव्ह’ हें क्रियापद. ‘बिलीफ’ आणि ‘बिलीव्ह’. ‘लाइफ’ आणि ‘लिव्ह’. सर्वत्र एकच चाल दिसते. नामाच्या अंतीं कठोर वर्ण, क्रियापदाच्या अंतीं मृदु. याचें कारण असें, कीं जुन्या इंग्रजींत क्रियापदाच्या शेवटीं स्वरानें सुरू होणारा प्रत्यय लागत असे. दोन स्वरांच्या चिमट्यांत सांपडलेला कठोर वर्ण मृदु झाला. पुढें प्रत्यय झडून गेला आणि मृदुपणा मागें राहिला. ‘अॅड्व्हाइज’ हा शब्द फ्रेंचांकडून आलेला आहे, पण त्या भाषेंतही दोन स्वरांमधल्या ‘स’ची हीच गति होते. ज्यांनीं लहानपणीं संधि घोकले आहेत त्यांना यांत नवल वाटावयाचें नाहीं. ‘वाक्’च्या शेजारीं ‘ईश’ आला, कीं ‘क्’चा ‘ग्’ होऊन ‘वागीश’ होतो. फरक इतकाच, कीं आमच्या वागीशांतला ईश अद्याप जागेवर बसलेला आहे. इंग्रजी क्रियापदाचा शेजारी घर सोडून केव्हांच निघून गेला; त्याच्या सहवासाचा गुण तेवढा उरला.

या शब्दाचें मूळही मोठें मनोरंजक आहे. जुन्या फ्रेंच भाषेंत ‘मला असें दिसतें’ अशा अर्थाचा एक वाक्प्रयोग होता. त्यांतून हें नाम निघालें. मुळाशीं लॅटिनमधला ‘पाहणें’ या अर्थाचा धातु आहे, आणि तो आपल्या ‘विद्’ धातूचा सख्खा भाऊ. ज्या धातूपासून आपल्याकडे वेद आणि विद्या आल्या, त्याच घराण्यांतून तिकडे सल्ला निघाला. मधला ‘ड’ तर मूळचा नव्हेच. लॅटिनचा अभिमान असलेल्यांनीं तो मागाहून आंत घातला. तेव्हां सल्ला देणारा मुळांत “असें कर” म्हणत नसून “मला बुवा असें दिसतें” एवढेंच म्हणत होता. आमच्या वहिनी घरांतील सुनांना जो सल्ला देतात तो या व्युत्पत्तींत बसवतां येत नाहीं, हें मी त्यांच्या समक्ष बोललों नाहीं.

आणखी एक. हें नाम साधारण बोलण्यांत अनेकवचनीं जात नाहीं. आपण मराठींत दहा सल्ले देतों. इंग्रज मनुष्य कितीही सल्ला देवो, तो एकवचनींच राहतो. ‘इन्फर्मेशन’ची तीच गोष्ट. ‘न्यूज’ला तर शेवटीं ‘एस्’ असूनही क्रियापद एकवचनीच लागतें. बातम्या पन्नास असल्या तरी तिकडे त्यांचा एकच गोळा. हा नियम मी सांगत असतां सूनबाई मध्येंच म्हणाल्या, “पण मामंजी, आमच्या बँकेंत ‘अॅड्व्हाइस’च्या चिठ्ठ्या मोजून ठेवाव्या लागतात.” त्यांचें म्हणणें बरोबर होतें. व्यापाराच्या भाषेंत या शब्दाचा अर्थ ‘व्यवहार झाल्याची लेखी सूचना’ असा होतो, आणि तेव्हां त्याला अनेकवचन चालतें. शब्द दुकानांत शिरला, कीं मोजला जातो.

‘सी’ आणि ‘एस्’ यांची ही वाटणी ‘प्रॅक्टिस’ व ‘लायसन्स’ या शब्दांतही इंग्लंडांत पाळतात. पण तेथें कानाला कांहींच फरक लागत नाहीं; म्हणून अमेरिकनांनीं ती सोडून दिली, आणि ‘प्रॅक्टिस’ दोन्हींकडे ‘सी’नें व ‘लायसन्स’ दोन्हींकडे ‘एस्’नें लिहूं लागले. ‘अॅड्व्हाइस’ला मात्र त्यांनीं हात लावला नाहीं, कारण तेथें कान साक्षीला उभा आहे. या तिघांपेक्षां आपल्या विषयाला जवळचा शब्द म्हणजे भविष्य सांगण्याचा. नाम ‘प्रॉफेसी’, तें ‘सी’नें लिहावयाचें, क्रियापद ‘प्रॉफेसाय’, तें ‘एस्’नें. येथें तर शेवटचा स्वरच पालटतो. भविष्य सांगणारा आणि सांगितलेलें भविष्य यांचें पुढें फारसें जमत नाहीं, हें भाषेला आधींच कळलें असावें.

कांहीं जोडप्यांत मात्र अक्षर तेंच, वर्ण तेच; बदलतो तो केवळ आघात. ‘रेकॉर्ड’ हा शब्द घ्यावा. नाम असतां पहिल्या अवयवावर जोर, क्रियापद असतां दुसऱ्यावर. ‘प्रोटेस्ट’, ‘इन्सल्ट’ हेही तसेच. १५७० सालीं इंग्लंडांत निघालेल्या एका कोशांत आघातानें ओळखूं येणारीं अशीं जोडपीं अवघीं तीन आढळतात, आणि त्या तिघांत ‘रेकॉर्ड’ आहे. पुढें त्यांची संख्या वाढत वाढत शंभरावर गेली.

आघातानें अर्थ बदलतो हें वाचून हंसणाऱ्यांनीं आपल्या त्वष्ट्याची कथा आठवावी. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्यानें हवन मांडलें. ‘इंद्रशत्रु’ या समासाचा स्वर शेवटीं यावयास पाहिजे होता, म्हणजे ‘इंद्राचा मारेकरी’ असा अर्थ झाला असता. तो उच्चारला गेला पहिल्या पदावर, आणि अर्थ झाला ‘इंद्र ज्याचा मारेकरी आहे तो’. वृत्र मेला तो एका स्वरामुळें. नाम आणि क्रियापद यांना स्वरानें वेगळें ठेवणें हेंही आपल्याला नवें नाहीं. वैदिक भाषेंत मुख्य वाक्यांतलें क्रियापद आरंभीं आलें नाहीं, तर त्याला उदात्त स्वर मिळतच नाहीं; तें बापडें नामांच्या सावलींत खालच्या आवाजांत उभें असतें. माझी शाळा ग्रामीण भागांत. तेथें मुलांना ‘रेकॉर्ड’चे दोन आघात शिकवतांना मला वेदपाठशाळेंतल्या गुरुजींच्या वरखालीं होणाऱ्या हाताची पुष्कळदां आठवण येई. पण ती मुलांना सांगावी, असें तेव्हां कधीं सुचलें नाहीं.

आतां तिसरा प्रकार, आणि हाच हल्लीं सर्वांत वाढला आहे. येथें अक्षर बदलत नाहीं, स्वर बदलत नाहीं, आघातही बदलत नाहीं. ‘फोन’ हें यंत्राचें नांव. तोच शब्द उचलून क्रियापदाच्या जागीं ठेवला, कीं क्रियापद झालें. ‘पोस्ट’, ‘मेल’, ‘वायर’, ‘केबल’, ‘रेडिओ’ यांनीं सर्वांनीं हाच मार्ग धरला.

येथें एक जुना वाद आठवतो. यास्काचार्यांनीं शब्दांचे चार वर्ग सांगितले: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. आख्यात म्हणजे क्रियापद. शाकटायन म्हणत, कीं सर्व नामें क्रियापदांच्या धातूंपासूनच निघालेलीं आहेत. गार्ग्य म्हणत, सर्व नव्हेत. गार्ग्यांचा आक्षेप मोठा मार्मिक आहे. वाट आक्रमितो म्हणून घोड्याला ‘अश्व’ म्हणावयाचें, तर वाट चालणाऱ्या प्रत्येकालाच अश्व म्हणण्याची पाळी येईल. टोंचतें म्हणून गवत ‘तृण’, तर टोंचणारी प्रत्येक वस्तु तृण होईल! यास्कांनीं उत्तर दिलें, कीं एकच काम अनेक करतात, पण नांव एखाद्यालाच मिळतें. तासण्याचें काम कोणीही करील, ‘तक्षन्’ मात्र सुतारालाच म्हणतात. इंग्रजी भाषेनें हा वाद उलटा फिरविला आहे. तेथें वस्तु आधीं येते, तिचें नाम होतें, आणि क्रियापद त्या नामाच्या मागून येतें. शाकटायन आज असते तर ‘फोन’ या एका शब्दापाशींच थबकले असते.

मात्र ‘टेलिग्राम’ या शब्दानें अजून आपली शिस्त राखली आहे. आमचे धाकटे बंधु तारखात्यांतून निवृत्त झाले. त्यांच्याकडे हा विषय काढतांच वर्तमानपत्र बाजूला पडलें. “दादा, ‘टेलिग्राफ’ तें यंत्र, आणि ‘टेलिग्राम’ तो कागद,” ते म्हणाले, “आम्ही ‘टेलिग्राफ’ करायचों, ‘टेलिग्राम’ नाहीं.” संस्कृतांत सांगायचें तर पहिला लेखक, दुसरा लेख. ‘टेलिग्राम’ हा शब्द १८५२ सालीं अमेरिकेंतल्या एका वर्तमानपत्रांतून पुढें आला. त्यापूर्वीं तारेनें आलेल्या मजकुराला लांबलचक दोन शब्द वापरावे लागत. १८५७ सालीं लंडनच्या ‘टाइम्स’मध्यें त्यावरून वाद जुंपला. ग्रीक भाषेंतल्या पंडितांचें म्हणणें, हें नाम नियमानें सिद्ध होत नाहीं. मूळ क्रियापदापासून करावयाचें तर ‘टेलिग्राफीम’ असें केलें पाहिजे. लोकांनीं पंडितांचें ऐकून घेतलें आणि ‘टेलिग्राम’च वापरला. मी स्वतः त्या पंडितांच्या जातीचा असल्यामुळें मला त्यांची थोडी कींव येते.

आपल्या देशांत कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली प्रायोगिक तार १८५० सालीं पडली, आणि २०१३ सालच्या जुलै महिन्यांत सरकारी तार सेवा बंद झाली. त्या दिवशीं बंधूंनीं रात्रीं जेवतांना ताटावर बसून मधल्या बोटानें पाटावर कांहींतरी कट्ट कडकट्ट केलें. काय म्हणून विचारलें तर उत्तर दिलें नाहीं. मराठींत ‘तार’ शब्दाला आपण कधीं क्रियापद होऊं दिलें नाहीं. तार करणें, तार ठोकणें, तार येणें. यांपैकीं ‘तार आली’ एवढे दोन शब्द अंगणांतून ऐकूं आले, कीं पाकीट फोडण्यापूर्वींच घरांतल्या बायकांचा पदर डोळ्यांना लागे. मग आंतून भाच्याच्या पास होण्याची वार्ता निघाली तरी वाहिलेलें पाणी फुकट जात नसे.

नातीच्या पिढीला तार ठाऊक नाहीं; तिला ‘टेक्स्ट’ ठाऊक आहे. “मी तुम्हांला टेक्स्ट करीन” असें तिचा परगांवीं असलेला भाऊ म्हणाला, तेव्हां मी प्रथम कपाळाला आंठ्या घातल्या. ‘टेक्स्ट’ म्हणजे ग्रंथाचा मूळ पाठ. तो करावयाचा कसा? पण कोशानें मलाच गप्प केलें. १६०० सालीं छापलेल्या शेक्सपिअरच्या ‘मच अॅडू अबाउट नथिंग’ या नाटकांत हा शब्द क्रियापद म्हणून, ‘लिहिणें’ या अर्थानें येऊन गेलेला आहे. १९९२ सालच्या ३ डिसेंबरला इंग्लंडांत पहिला भ्रमणध्वनि-संदेश गेला, त्यापूर्वीं चारशें वर्षें हें क्रियापद तयारच होतें. आणि मूळ? लॅटिनमधला ‘विणणें’ या अर्थाचा धातु. तो आपल्या ‘तक्ष्’चा भाऊबंद. यास्कांच्या उत्तरांतला तो सुतार असा फिरून फिरून नातवाच्या खिशांत येऊन बसलेला आहे.

घरंदाज जुन्या शब्दांत ‘टेल’ या शब्दाची दोन रूपें मला फार आवडतात. एक सांगण्याचें क्रियापद, दुसरें ‘गोष्ट’ या अर्थाचें नाम. कानाला दोन्हींत थोडाच फरक. दोहोंच्या मुळाशीं अर्थ आहे मोजण्याचा. सूनबाईंच्या बँकेंत खिडकीपाशीं बसून पैसे मोजणाऱ्याला ‘टेलर’ म्हणतात तो याचसाठीं. तो गोष्टी सांगत नाहीं, नोटा मोजतो. हें वाचून मीं पुस्तक मिटलें आणि बराच वेळ तसाच बसलों. कारण ‘ख्या’ म्हणजे सांगणें, त्यापासून आख्यान, व्याख्यान आणि आपलें वर आलेलें आख्यात. आणि त्यालाच ‘सम्’ उपसर्ग लावला कीं ‘संख्या’! सांगणें आणि मोजणें एकाच पोटचीं, हें दोन भाषांनीं आपापल्या घरीं स्वतंत्रपणें ठरविलें. वर्षानुवर्षें अंकगणित आणि संस्कृत हे दोन्ही विषय मीं एकाच फळ्यावर शिकविले. हें कधीं दिसलें नाहीं.

‘स्पीक’ आणि ‘स्पीच’ यांत पूर्वीं ‘र’ होता, तो इंग्रजांनीं गिळला, जर्मनांनीं ठेवला. एवढें सांगून पुढें जातों. ‘आन्सर’पाशीं मात्र थांबावें लागतें. या शब्दाच्या पोटांत ‘शपथ घेणें’ या अर्थाचा ‘स्वेअर’ हा शब्द लपलेला आहे. आरोप झाला असतां समोर उभें राहून शपथेवर जें म्हणावयाचें, तें मूळचें ‘आन्सर’. नाम आणि क्रियापद दोन्ही एकच. आपण मुलांच्या उत्तरपत्रिका तपासतों तेव्हां शपथ घेतलेली असते ती मुलांनीं, अशी आमची समजूत.

आतां मराठींत काय होतें तें पाहावें. आपली भाषा परक्या क्रियापदाला क्रियापद म्हणून घरांत घेत नाहीं. त्याला आधीं नाम करते आणि मग ‘करणें’, ‘देणें’, ‘टाकणें’ यांपैकीं एकाच्या हातीं देते. फोन करणें, मेसेज टाकणें, रिप्लाय देणें. संस्कृत शब्दांनाही आपण हीच वागणूक देतों. चर्चा करणें, विनंति करणें, उत्तर देणें. चर्चा ‘विषयीं’ करावयाची असते, म्हणून मुलें इंग्रजींतही ‘डिस्कस’पुढें ‘अबाउट’ लिहितात, आणि मास्तर त्याखालीं तांबडी रेघ ओढतो. चूक कोठून आली? ‘डिस्कशन’ या नामापुढें ‘अबाउट’ चालतो. ‘डिस्कस’ हें क्रियापद कर्म थेट घेतें. मुलाच्या मनांत मराठी ‘चर्चा’ हें नाम आहे, तो क्रियापदाला नामाचे कपडे घालतो. एवढें समजावून सांगितलें तर तांबड्या रेघेचें काम उरत नाहीं. मीं ती रेघ किती वेळां ओढली असेल याची ‘संख्या’ नाहीं.

आपलीं खरीं मराठी क्रियापदें या बाबतींत मोठीं श्रीमंत आहेत. ‘म्हणणें’ घ्या, “तो म्हणणें टाळतो” आणि “त्याचें म्हणणें काय?” येथें नाम आणि क्रियापद एकाच देहांत राहतात. ‘सांगणें’ यापासून ‘सांगावा’ हें केवढें गोड नाम झालें आहे! इंग्रजी ‘कम्युनिकेट’ याचा मूळ अर्थ ‘सामाइक करणें’ असा आहे. ज्यांच्या घरांत सामाइक विहीर आणि सामाइक भिंत आहे त्यांना हा अर्थ आणि त्यांतली भांडणें दोन्ही समजतील. परंतु ‘कळवणें’ याला तोड नाहीं. ‘कळणें’ याचें हें प्रयोजक रूप. म्हणजे समोरच्याला कळेल असें करणें. सांगून मोकळें होतां येतें, पण पलीकडच्याला कळल्याशिवाय कळवलें असें म्हणतां येत नाहीं.

आतां त्या मुलाची हकीकत. त्याचा शब्द होता ‘ब्रॉडकास्ट’.

हा शब्द मूळचा शेतांतला. पाभरीनें ओळींत न पेरतां मूठभर बी हातानें सगळीकडे उधळावयाचें, ज्याला आपले शेतकरी बी फोकणें म्हणतात, तें ‘ब्रॉडकास्ट’. ‘कास्ट’ म्हणजे फेंकणें. आपल्या ‘ध्वनिक्षेपण’ शब्दांतला ‘क्षिप्’ धातु तोच अर्थ सांगतो. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र उघडलें, त्यापूर्वीं थोड्याच वर्षांमागें हें क्रियापद जगांत शेतांतून आकाशांत चढलें होतें. ‘कास्ट’चा भूतकाळ ‘कास्ट’च; म्हणून ‘ब्रॉडकास्ट’चाही ‘ब्रॉडकास्ट’.

नववीचा वर्ग होता, सहामाही परीक्षा होती. एका शेतकऱ्याच्या मुलानें निबंधांत लिहिलें होतें, कीं पुराची बातमी रेडिओवरून ‘वॉज ब्रॉडकास्ट’. मीं शेवटीं ‘एड’ जोडला आणि अर्धा गुण कापला. पेपर वांटल्यावर तो टेबलापाशीं आला. “सर, इंग्रजी बातम्यांत असेंच म्हणतात,” तो म्हणाला. मीं म्हटलें, “रेडिओवाले शेवटचीं अक्षरें खातात. त्यांच्याकडून व्याकरण शिकूं नकोस.” वर्ग हंसला. तो क्षणभर उभा राहिला आणि मग त्यानें विचारलें, “पण सर, ‘एड’ कां?” मीं त्याला बसावयास सांगितलें.

रात्रीं घरीं येऊन मीं कोश उघडला. पहिलें रूप त्याचें होतें. ‘एड’चें रूपही कोशानें दिलें होतें, पण मागून. तें आहे एवढ्या आधारावर मीं स्वतःची समजूत घातली, कीं दोन्ही चालतात, तेव्हां बोलावयाचें कारण नाहीं. पण मीं त्याचें बरोबर असलेलें रूप कापलें होतें, आणि तेंही वर्गाला हंसवून. दुसऱ्या दिवशीं तास होता. मीं पुढचा धडा घेतला. तो अर्धा गुण मीं दिला नाहीं, वर्गांत शब्द काढला नाहीं, त्यालाही बाजूला घेऊन कांहीं बोललों नाहीं. मुलगा हुशार होता. शाळा सोडीपर्यंत तो पुन्हां कधीं माझ्या टेबलापाशीं शंका घेऊन आला नाहीं. वर्गांत विचारलें तर उभा राहून नेमकें उत्तर देई आणि बसे.

हें सारें नातीला सांगावें कीं सांगूं नये, याचा मीं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशीं तिला ‘सी’ आणि ‘एस्’ यांचें कारण सांगितलें, वागीश सांगितला, आणि ओघांत हेंही सांगितलें. तिनें सर्व ऐकून घेतलें. मग विचारलें, “मग तुम्हीं त्यांना अजून कळवलें नाहीं?” हा शब्द तिनें सहज वापरला, मीं त्यावर काय लिहिलें आहे हें तिला ठाऊक नव्हतें.

तो विद्यार्थी गांवींच असतो, घरची शेती पाहतो, असें ऐकून होतों. नांव येथें देत नाहीं. परवां एक कार्ड घेऊन बसलों. इंग्रजींत लिहावें असें प्रथम वाटलें, मग मराठींत लिहिलें. ‘तुझें रूप बरोबर होतें, मला त्याच रात्रीं कळलें होतें’ इतकाच मजकूर, आणि खालीं सही. पत्ता विचारण्यासाठीं दोन जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. दुपारीं नात शाळेंतून आल्यावर तिच्याबरोबर कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेलों. पेटीवर पुढील निकासीची वेळ लिहिलेली असते, ती पुसट झाली होती, तिनें वाकून वाचली आणि म्हणाली, “साडेचारला काढतात आजोबा, टाका.”